कारखान्यातला प्रोजेक्ट: आधी माणसं मोजा, मग प्रश्न लिहा

दर वर्षी माझ्या टेबलावर काळ्या बाइंडिंगचे, सोनेरी अक्षरांचे पंधरा-वीस अहवाल येतात. शीर्षक ठरलेलं: 'अमुक कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानाचा अभ्यास'. निष्कर्षही ठरलेला: कर्मचारी समाधानी आहेत, तरी कंपनीने प्रशिक्षण वाढवावे. नमुना, म्हणजे ज्यांना निवडून प्रश्न विचारले ती माणसं, शंभरचा. शंभरच का, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात.

बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी घसरते. प्रश्नावली आधी तयार होते, आणि कारखान्यात माणसं किती, कोणती, कुणाच्या हजेरीपटावर हे मागाहून कळतं. कधी कळतच नाही. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत, साखर कारखान्यात, मार्केट यार्डात किंवा दूध संघात एमबीए, बीबीए, बी.कॉम.चा प्रोजेक्ट करणाऱ्यांनी खालचा क्रम पाळावा. एखादी पायरी दोन दिवसांत उरकली तरी चालेल, पण पुढची आधी करू नका.

१. जागा आणि महिना एकत्र ठरवा

आपल्याकडचे निम्मे उद्योग हंगामावर चालतात आणि कॉलेजचं कॅलेंडर त्यांना विचारून बनत नाही.

साखर कारखान्याचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं. तुमचा उन्हाळी प्रोजेक्ट मे-जूनमध्ये. तेव्हा कारखान्यात रोलर उघडून पडलेले असतात, देखभालीची कामं चालू असतात आणि हंगामी कामगार रिटेन्शनवर, म्हणजे बिगरहंगामी भत्त्यावर, घरी असतो. अशा वेळी 'पाळीतील थकवा व ओव्हरटाइम' हा विषय घेऊन गेलात, तर भेटतील ते कायम कामगार आणि ऑफिसातले लोक. ते सांगतील, थकवा-बिकवा काही नाही. खरंच बोलतील, कारण जूनमध्ये नसतोच. जूनमध्येच जायचं असेल, तर देखभालीच्या कामाचं नियोजन, भांडार व्यवस्था, हंगामी कामगारांना परत बोलावण्याची पद्धत असे विषय घ्या.

हळदीची आवक सांगलीच्या यार्डात मार्च-एप्रिलला जोरात असते. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडही उन्हाळ्यातच गजबजतात. हे विषय मे उजाडायच्या आत हातात घ्यावे लागतात. फाउंड्री, मशीन शॉप, दूध प्रक्रिया ही वर्षभर चालणारी ठिकाणं. ज्यांना घाई आहे त्यांनी तिकडे वळावं.

*तपासा:* तुमच्या विषयातली गोष्ट तुम्ही तिथे असाल त्या आठवड्यांत डोळ्यांना दिसणार आहे का? नसेल तर विषय बदला.

दिवाळीच्या तोंडावर बोनसवर प्रश्न विचारू नका, हेही इथेच सांगतो. बोनस किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. पण जाहीर व्हायच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा यांत त्याच माणसाची उत्तरं वेगळी येतात.

२. परवानगी: पत्र, पोच आणि एक माणूस

कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या, दोन प्रती. एक द्या, दुसरीवर शिक्का-सही-तारीख घेऊन पोच ठेवा. पत्रात 'प्रोजेक्टसाठी परवानगी मिळावी' एवढंच लिहून भागत नाही. किती दिवस येणार, कुणाशी बोलणार, एका माणसाचा किती वेळ घेणार, कुणाचं नाव लिहिणार नाही, हे चार मुद्दे घाला. मालकाची भीती साधी असते: हा पोरगा युनियनचा नाही ना, आणि काम थांबवणार नाही ना. दोन्हींचं उत्तर पत्रातच मिळालं की दार उघडतं.

लहान युनिटमध्ये एचआर नावाचा विभाग नसतो. तिथे हजेरी, पगार, पीएफ सगळं एकाच माणसाच्या कपाटात असतं. कुणी त्यांना अकाउंटंट म्हणतं, कुणी टाइम ऑफिसवाले काका. मालकाची सही घ्या, पण वेळ या काकांसोबत घालवा. त्यांच्याकडून तीन गोष्टी विचारून घ्या: पाळ्यांच्या वेळा, साप्ताहिक सुट्टीचा वार, पगाराची तारीख. या तीन गोष्टींवर तुमचं पुढचं सगळं वेळापत्रक उभं राहणार आहे.

*सावध:* 'माझ्या मामांची ओळख आहे' या भरवशावर तोंडी परवानगीत काम सुरू करू नका. मामांचे मित्र बदलून जातात. नवा मॅनेजर अर्ध्यात थांबवतो, आणि हातात कागद नसतो.

३. माणसं मोजा

सगळ्या अहवालाचा जीव इथे आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

'एकूण कर्मचारी किती?' असं विचारलं की मॅनेजर एक आकडा सांगतो. तो आकडा वहीत लिहून मुलं पुढे जातात. थांबा आणि दुसरा प्रश्न विचारा: यात ठेकेदाराची माणसं धरलीत का? मग शिकाऊ उमेदवार, कॅन्टीन, सिक्युरिटी, लोडिंगवाले? कित्येकदा पहिल्या आकड्यात गेटमधून रोज आत येणारी निम्मी माणसं नसतात.

समजा कुपवाडच्या एका फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) नीट मोजल्यावर २४० माणसं निघाली: ९६ कायम, १२० ठेकेदारामार्फत, २४ ऑफिसात. तुम्हाला ८० जणांशी बोलणं झेपणार आहे. म्हणजे तिघांमागे एक. तर कायममधले ३२, ठेकेदाराकडचे ४० आणि ऑफिसातले ८ घ्यायचे. याला स्तरित नमुना म्हणतात. नमुन्याचा आकार सूत्राने काढा असं गाइडने सांगितलं, तर नेहमीचं सूत्र आहे: एकूण संख्येला भागिले (१ अधिक एकूण संख्या गुणिले, किती चूक चालेल त्या मर्यादेचा वर्ग). ५ टक्के मर्यादा, म्हणजे ०.०५, धरली तर २४० भागिले १.६, म्हणजे १५०. तेवढे जमत नसतील तर ८०च का घेतले ते सरळ लिहा: वेळ इतका, पाळ्या इतक्या, एका फॉर्मला इतकी मिनिटं. प्रामाणिक कारणाला परीक्षक मार्क कापत नाहीत. सूत्र टाकून भलताच आकडा वापरला की कापतात.

कंपनी म्हणाली, 'ठेकेदाराची माणसं आमची नाहीत, त्यांच्याशी बोलू नका', तर वाद घालू नका. शीर्षक बदला: 'कायम कामगारांमधील…' असं. अभ्यास लहान होतो पण खरा राहतो. १२० माणसं वगळून 'कंपनीतील कर्मचारी' लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं.

मार्केट यार्डात हा पेच आणखी गमतीचा आहे. हळदीची पोती उचलणारा हमाल दिवसभर एका अडत दुकानासमोर दिसतो, म्हणून मुलं त्याला त्या दुकानाचा कर्मचारी धरतात. महाराष्ट्रात हमाल-माथाडींसाठी १९६९चा वेगळा कायदा आहे आणि नोंदीत हमालाचं काम, मजुरी त्या कायद्याखालच्या मंडळामार्फत चालते. त्याला 'तुमच्या मालकाच्या नेतृत्वशैलीबद्दल काय वाटते?' असं विचारलं, तर तो विचारेल, कुठल्या मालकाच्या? तसंच ऊसतोडीचं. टोळी येते ती मुकादमाशी उचलीचा, म्हणजे आगाऊ रकमेचा, व्यवहार करून. ती माणसं कारखान्याच्या हजेरीपटावर शोधाल तर सापडणार नाहीत.

*तपासा:* एका कागदावर तीन ओळी लिहून गाइडला दाखवा: गेटच्या आत माणसं किती, त्यांचे गट कोणते, प्रत्येक गटाला पगार कोण देतो. हा कागद होईपर्यंत प्रश्नावलीची फाइल उघडू नका.

४. प्रश्न एकच, उद्दिष्टं तीन

'कार्यसमाधान' हा विषय नव्हे, ते गोदाम आहे. त्यातली एक खोली निवडा. पाळी बदलल्याने गैरहजेरी वाढते का? नवीन ऑपरेटरला काम कोण आणि कसं शिकवतं? तक्रार सुपरवायझरपर्यंत जाते, मग पुढे कुठे अडते?

उद्दिष्टं तीनच ठेवा आणि प्रत्येकासमोर लिहा: याचं उत्तर कोणत्या प्रश्नातून किंवा कोणत्या नोंदीतून मिळणार. ज्या उद्दिष्टासमोर जागा रिकामी राहिली ते खोडा. 'संघटनात्मक संस्कृतीचा अभ्यास करणे' असल्या ओळीसमोर ती हमखास रिकामी राहते.

नोंदींना विसरू नका. हजेरीपट, ओव्हरटाइम रजिस्टर, अपघात नोंदवही यांत जे आहे ते विचारून मिळत नाही. नावं झाकून, फक्त संख्या उतरवू का, असं विचारलं तर बरेच जण हो म्हणतात.

मागचं संशोधन वाचायचं तर शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध फुकट आहेत. एआयला संदर्भ विचारून तसेच चिकटवू नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण तो लेख कधी छापलाच गेलेला नाही, असे संदर्भ माझ्याकडे येऊ लागले आहेत. जो कागद उघडून वाचला नाही तो यादीत नको.

५. फॉर्म: कामगाराच्या तोंडचे शब्द

इंग्रजी प्रश्नावली नेटवरून घेऊन मराठी करायची, ही सवय मोडायला मला दर वर्षी एक तास घालवावा लागतो. 'माझ्या वरिष्ठांकडून मला पुरेसे अभिप्राय प्राप्त होतात.' फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायच्या कामाला) ग्राइंडर धरून उभ्या माणसाला हे विचारून बघा. त्याच्या भाषेत ते असं आहे: 'काम चुकलं तर काय चुकलं ते सुपरवायझर नीट सांगतो का?'

शॉपवर, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या जागी, जे शब्द चालतात तेच फॉर्मवर ठेवा: पाळी, हजेरी, ओव्हरटाइम, ठेकेदार, पीएफ, कॅन्टीन, खाडा. फाउंड्रीत बाहेरच्या राज्यातली मुलं असतील तर हिंदी फॉर्म वेगळा करा. मग तो हिंदी फॉर्म दुसऱ्या कुणाला तरी देऊन परत मराठीत आणा आणि मूळ प्रश्नाशी ताडून बघा.

काही नेहमीच्या चुका:

- एका प्रश्नात दोन गोष्टी. 'पगार आणि सुविधा समाधानकारक आहेत का?' पगार बरा आणि संडास घाण असेल तर त्याने कुठे टिक करायची?
- उत्तर सुचवणारा प्रश्न. 'कंपनी कामगारांच्या सुरक्षेची काळजी घेते, हे तुम्हाला मान्य आहे ना?'
- सगळी विधानं एकाच दिशेची. काही उलटी ठेवा, म्हणजे न वाचता टिक करणारा सापडतो.
- मासिक पगार थेट विचारणं. गट द्या आणि तो प्रश्न शेवटी ठेवा.

'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच पर्यायांची पट्टी १९३२मध्ये लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने मांडली, ती अजून चालते. पण तोंडी विचारताना 'अंशतः सहमत' म्हणू नका. 'नेहमी, बऱ्याचदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही' हे लगेच कळतं. वीस प्रश्नांच्या पुढे जाऊ नका. चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची असते.

६. दहा जणांवर चाचणी

ही पायरी सगळे गाळतात. माझ्या एका विद्यार्थिनीने एकदा मनापासून केली. फॉर्मवर लिहिलं होतं, 'कामाबद्दल समाधान आहे का?' मोल्डिंगच्या कामगाराने हात फडक्याला पुसत तिलाच विचारलं, 'समाधान म्हंजे? पगाराचं का?' दुसरा म्हणाला, 'काम हाय हेच समाधान, मॅडम.' दोघांनीही 'पूर्ण समाधानी' वर टिक केली. दोन टिका, अर्थ दोन, आणि तिला हवा होता तो तिसराच. तिने त्या एका प्रश्नाचे चार प्रश्न केले. तो अहवाल चांगला झाला.

चाचणीत बघायचं एवढंच: कोणत्या प्रश्नावर माणूस थांबतो, कोणत्यावर हसतो, कोणत्यावर मागे वळून बघतो. मागे वळून बघितलं तर तो प्रश्न तिथे, त्या जागी विचारायचा नाही. हे दहा फॉर्म अंतिम आकड्यांत धरू नका.

७. फॉर्म भरून घेणं

आता माझीच कथा. माझ्या एमबीएच्या प्रोजेक्टला मी साठ फॉर्म एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात ठेवून आलो. 'चार दिवसांनी या, भरून ठेवतो.' चार दिवसांनी गठ्ठा तयार. मी खूश. घरी येऊन बघतो तर साठही फॉर्म एकाच निळ्या पेनचे, टिकेची शेपटी एकसारखी डावीकडे वळलेली, आणि सतरा फॉर्मवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ रेषेत 'सहमत'. तेव्हा वेळ नव्हता म्हणून मी तेच वापरले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी फॉर्म मागितले, चार-पाच उलटून पाहिले, आणि शांतपणे विचारलं, 'हे साठ जण एकाच बाकावर बसतात का?'

म्हणून:

फॉर्म स्वतः भरून घ्या. ऑफिसमार्फत वाटू नका, सुपरवायझर शेजारी उभा असताना तर मुळीच विचारू नका. कॅन्टीन, सायकल स्टँड, गेटबाहेरची चहाची टपरी या चांगल्या जागा. मात्र टपरीवर बोलणार आहात हे परवानगी देणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

सगळ्या पाळ्या घ्या. रात्रपाळीचा माणूस सकाळी सुटताना भेटतो, पण त्याला घराची ओढ असते. पाळी चढण्याआधी अर्धा तास गाठा. फक्त सकाळी दहा ते पाच गेलात, तर तुमचा अभ्यास पहिल्या पाळीचा झाला.

गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. ती भरतात ऑफिसातले आणि तरुण. लिंक वापरायचीच असेल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना ते बघा, नाहीतर 'नाव गुप्त राहील' या तुमच्या शब्दाला अर्थ नाही.

सुरुवातीला दोन वाक्यं बोला: हे कॉलेजसाठी आहे, नाव लिहायचं नाही, नको असेल तर नाही म्हणा. टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा हजेरीचा क्रमांक, तोही लिहून घेऊ नका. टोकन म्हणजे नावच. शॉपमध्ये फोटो काढू नका, बूट घालून जा, आणि पोअरिंग (वितळलेला धातू ओतणं) चालू असेल तेव्हा लांब राहा.

*तपासा:* रोज संध्याकाळी फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अनुक्रमांक, तारीख, पाळी, गट लिहा. ३२-४०-८ यातलं किती झालं ते वहीत मांडा. शेवटच्या दिवशी कळलं की ऑफिसचे बावीस झालेत आणि ठेकेदाराचे नऊ, तर उपाय उरत नाही.

८. एक्सेल

एक फॉर्म, एक ओळ. एक प्रश्न, एक स्तंभ. अनुक्रमांक पहिल्या स्तंभात.

उत्तर दिलं नसेल तर घर रिकामं ठेवा, शून्य घालू नका. पाच जणांपैकी चौघांनी ४, ४, ५, ३ दिले आणि पाचव्याने काहीच नाही, तर सरासरी ४ आहे. तिथे शून्य टाकलंत की ती ३.२ होते. उलट्या विधानांचे गुण ६ मधून वजा करून घ्या.

मग गटवार बघा, एकूण सरासरी नंतर. वरच्याच फाउंड्रीत समजा ३२ कायम कामगारांची सरासरी ४ आली आणि ठेकेदाराकडच्या ४० जणांची २. दोन्ही एकत्र केलेत तर येते २.९ च्या आसपास, आणि अहवालात वाक्य पडतं 'कर्मचारी तटस्थ आहेत'. तटस्थ कुठलाच गट नाही. एक गट खूश, दुसरा वैतागलेला.

टक्केवारीचंही तसंच. ऑफिसातले आठच जण असतील तर '७५ टक्के ऑफिस कर्मचारी' लिहू नका, 'आठपैकी सहा' लिहा. काय-वर्ग चाचणी (गटांच्या उत्तरांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारी) लावणार असाल तर तक्त्यातली अपेक्षित वारंवारता (फरक नसता तर जितकी उत्तरं आली असती तो आकडा) पाचच्या खाली जाणारी घरं किती ते आधी बघा; लहान नमुन्यात ही चाचणी तिथेच अडखळते.

प्रत्येक प्रश्नाला रंगीत पाय चार्ट देण्याची गरज नाही. वीस पाय चार्ट म्हणजे वीस पानं, बाकी काही नाही.

९. लिहिणं: तिसऱ्या प्रकरणापासून

संशोधन पद्धतीचं, म्हणजे तिसरं, प्रकरण आधी लिहा, आठवण ताजी असताना. मग विश्लेषण, मग निष्कर्ष, मग पूर्वसंशोधन, सगळ्यात शेवटी प्रस्तावना. कंपनीची माहिती दोन पानांत आटपा; मालकांच्या फोटोने मार्क वाढत नाहीत.

कायद्याचं प्रकरण मागच्या बॅचच्या अहवालातून उचलणाऱ्यांनी आता विशेष जपावं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले आहेत. 'कारखाने अधिनियम १९४८ नुसार' ही ओळ तशीच राहिली, तर अहवाल कुठून उतरवला ते पहिल्याच नजरेत कळतं.

सूचना लिहिताना प्रत्येकीच्या पुढे कंसात तक्ता क्रमांक घाला. ज्या सूचनेला तक्ता नाही ती काढा. 'प्रशिक्षण वाढवावे' बहुतेक वेळा इथेच गळतं. उरतं ते बारीक असतं पण कामाचं असतं: दुसऱ्या पाळीला कॅन्टीन साडेसातला बंद होतं, ते नऊपर्यंत चालू ठेवावं. असली एक सूचना मॅनेजर वाचतो.

मर्यादांमध्ये 'वेळेचा अभाव' लिहून पळ काढू नका. रात्रपाळीचे चारच जण मिळाले, दोघांनी फॉर्म अर्धवट सोडला, असं नेमकं लिहा.

१०. जमा करण्याआधी

भरलेले फॉर्म फायलीत क्रमाने लावा आणि निकाल लागेपर्यंत फेकू नका. तोंडी परीक्षेला ती फाइल, पोच असलेलं पत्र आणि तिसऱ्या पायरीचा तो तीन ओळींचा कागद सोबत न्या. पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.

कंपनीला पूर्ण अहवाल देण्याआधी गटांची संख्या बघा. ऑफिसात स्त्री कर्मचारी दोनच असतील आणि तुम्ही 'स्त्री कर्मचाऱ्यांपैकी एकीने सुपरवायझरविषयी नाराजी सांगितली' असं छापलंत, तर नाव न लिहिताही नाव लिहिलंत. पाचपेक्षा लहान गट दुसऱ्यात मिसळा. मग दोन पानांचा सारांश काढून टाइम ऑफिसवाल्या काकांकडे नेऊन द्या, आणि त्याचीही पोच घ्या. पुढच्या वर्षी तिथे तुमच्या कॉलेजचं दुसरं कुणीतरी जाणार असतं.